डॉक्टरनं पंप लिहून दिलाय, आता पुढं काय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या दमेकऱ्यांसाठी

आमच्या आज्जाला पहिल्यांदा रोटाकॅप, म्हणजे आतली पूड श्वासानं ओढायच्या कॅप्सूल, लिहून दिल्या तेव्हा त्यानं त्या कॅप्सूल दोन महिने सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाण्याबरोबर गिळल्या. त्या ओढायचं यंत्र म्हणून सोबत मिळालेला रोटाहेलर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात डबीसकट तसाच, कारण ते कशाला दिलंय हे ना दवाखान्यात कुणी सांगितलं ना मेडिकलवाल्यानं. खोकला आहे तसाच, रात्रीची धाप आहे तशीच, आणि शेवटी आज्जाचं ठाम मत झालं की इंग्लिश औषध आपल्या अंगाला लागू पडत नाही. पुढं मला सत्ताविसाव्या वर्षी दमा निघाला आणि आता पोरीला आहे, म्हणजे घरात चौथी पिढी, त्यामुळं पंप हातात पडल्यावर पहिल्या महिन्यात लोक काय काय चुकतात ते सगळं बघून झालंय. मी डॉक्टर नाही, हे वाचून आपापला डोस कमीजास्त करू नका. पण डॉक्टरकडं पाच मिनिटं मिळतात आणि त्यात जे राहून जातं ते इथं लिहितोय.

सगळ्यात आधी, दमा म्हणजे नेमकं काय ते डोक्यात बसवा, कारण ते बसलं की पुढचं अर्धं काम होतं. श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते, त्यात धूळ, धूर, सर्दी असलं काही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, वरून चिकट कफ, मग हवा जायला वाट उरत नाही आणि छातीत शिट्टी वाजल्यासारखं सुंयसुंय होतं. आता मुद्द्याची गोष्ट अशी की धाप थांबली म्हणजे सूज गेली असं नाही, ती सूज तुम्हाला काहीही होत नसतानासुद्धा आत असतेच.

खानापूरकडं कौलारू घर असलेल्यांना हे लगेच कळेल. मृगाआधी आपण घर शाकारून घेतो, फुटकी कौलं बदलतो, तेव्हा पाऊस कुठं असतो? कडक ऊन असतं. आणि ज्यानं शाकारलं नाही तो आषाढात गळतीखाली घागर आणि पातेली मांडत बसतो. दम्यात दोन प्रकारचे पंप असतात त्यातला एक शाकारणीचा आणि एक पातेल्याचा. सूज कमी करणारा, रोज घ्यायचा, म्हणजे ब्युडेसोनाइडसारखं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असलेला, हा शाकारणीचा. आणि साल्ब्युटामॉल म्हणजे बहुतेकांच्या ओळखीचा तो निळा पंप, जो पाच-दहा मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो पण सुजेला हात लावत नाही, तो पातेल्याचा. आपल्याकडं निम्मी माणसं नुसत्या पातेल्यावर वर्षं काढतात. कारण निळा लगेच जाणवतो आणि दुसरा घेतल्यावर काहीच जाणवत नाही, त्याचा फरक दिसायला दिवस-आठवडे जातात. दम्यासाठी जगभरची मार्गदर्शक तत्त्वं काढणारी जिना नावाची संस्था आहे, तिनं २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम, आपल्या पंपावर कुठलं औषध लिहिलंय ते वाचायचं, मार्करनं एकावर "रोज" आणि दुसऱ्यावर "धाप लागली तर" असं मराठीत लिहायचं. रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. हल्ली काही डॉक्टर ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असा एकच पंप दोन्ही कामाला देतात, तसं असेल तर किती वेळा चालतो ते त्यांच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या.

स्टेरॉइड शब्द ऐकला की घरातली मावशी लगेच म्हणते, "त्या पंपाची सवय लागतंय गं पोरी, सोडवत न्हाई मग." सवय लागत नाही. हिशेब बघा, साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची येते आणि पंपाच्या एका पफात, म्हणजे एकदा दाबल्यावर, १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एक गोळी बरोबर चाळीस पफ. गोळी पोटातून सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, पंपाचं औषध जिथं पाहिजे तिथंच जातं. स्टेरॉइडचंही तेच. गंमत म्हणजे पंपाला घाबरणारी हीच माणसं बाजाराच्या दिवशी बसणाऱ्याकडून दम्याची पुडी आनंदानं आणतात. माझ्या आईनं अशी पुडी चार वर्षं खाल्ली, तोंड सुजल्यासारखं गोल झालं, साखर वाढली, आणि मोठ्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं की यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार. पुडी खात असाल तर एकदम बंद पण करू नका, डॉक्टरला खरं सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं कमी करा.

बरं, मुळात दमाच आहे ना हेही एकदा पक्कं करून घ्या. स्पायरोमेट्री नावाची फुंकायची टेस्ट असते, एकदा फुंकायची, मग पंप देतात आणि पंधरावीस मिनिटांनी परत फुंकायची, मोठ्या माणसात दुसऱ्या वेळेला १२ टक्के आणि २०० मिली पेक्षा जास्त सुधारणा दिसली तर दम्याकडं बोट जातं. बेळगावात सिव्हिलला, केएलईला किंवा छातीच्या डॉक्टरकडं विचारा. ही टेस्ट का, तर चुलीपुढं तीस वर्षं बसलेल्या आमच्या बायकांची धाप कित्येकदा दमा नसून सीओपीडी (धुरानं फुफ्फुसं कायमची बिघडायचा आजार) असते, विडी ओढणाऱ्यांचंही तेच, आणि दोन आठवड्यांवर खोकला चालला असेल तर टीबीची थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते ती आधी करायची. पाय सुजत असतील तर हृदयही बघून घ्यावं लागतं.

आपल्या भागाची अजून एक खोड. थोडे दिवस बेळगाव, मग पाहुणा म्हणाला म्हणून मिरज, मग गडहिंग्लज नाहीतर कोल्हापूर. जाऊ दे, त्याला काही हरकत नाही, पण प्रत्येक ठिकाणी नवी फाइल आणि नवा पंप आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही, असं करून माझ्या एका नात्यातल्या माणसाकडं एकाच औषधाचे तीन वेगळ्या नावाचे पंप निघाले आणि तो तिन्ही घेत होता. एकच प्लॅस्टिकची पिशवी करा, त्यात सगळे कागद आणि सगळे पंप, कुठंही गेलं तरी तीच पिशवी.

आता पंप ओढायची रीत, इथं सावकाश वाचा.

आरशासमोर उभं राहा. पंपाची टोपी काढा (हसू नका, घाईत टोपीसकट दाबणारे बघितलेत) आणि आत डोकावून बघा, खिशातला सुपारीचा तुकडा नाहीतर नाणं जाऊन बसतं. नीट हलवा. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन-चार वेळा हवेत मारा. मग फुफ्फुसातली हवा सावकाश बाहेर सोडा, अगदी पोट आत जाईपर्यंत, पंपात फुंकायचं मात्र नाही. ओठ गच्च मिटून पंप धरा, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्या झाल्या एकदाच दाबा, पुढं तो श्वास तसाच चार-पाच सेकंद सावकाश आत ओढत राहा. पंप बाजूला काढा, तोंड मिटा, मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा, मग सोडा. दुसरा पफ असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून परत पहिल्यापासून, हलवण्यासकट. आरशात तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला तर ते औषध वाया गेलं. मी सहा महिने ते पांढरं आरशाला पाजत होतो, आधी दाबायचो आणि मग ओढायचो.

हे जमत नसेल, आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांना जमत नाही, तर स्पेसर घ्या. पाण्याच्या बाटलीएवढी प्लॅस्टिकची नळी असते, एका टोकाला पंप बसतो, एकदा दाबायचं आणि दुसऱ्या टोकानं सावकाश ओढायचं, लहान पोरांना मास्क लावून पाच-सहा साधे श्वास. वेळ साधायची कटकटच संपते, आणि घशात औषध कमी बसतं. पोरांना तर स्पेसरशिवाय पंप देऊच नये. आमच्या पोरीनं पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं, तिसऱ्या दिवशी तिच्या भावलीला आधी मास्क लावला मग स्वतःला, तेव्हापासून रडणं बंद. स्पेसर आठवड्या-दोन आठवड्यांनी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा, फडक्यानं पुसायचा नाही, पुसलं की प्लॅस्टिकला वीज धरते आणि औषध आतच चिकटतं. आणि नेब्युलायझर (औषधाचा फवारा करून मास्कमधून देणारं यंत्र) म्हणजे मोठा इलाज आणि पंप म्हणजे छोटा, हे खूळ काढून टाका, साध्या उबळीत स्पेसरनं नीट घेतलेला पंप तेवढंच काम करतो.

रोटाहेलरवाल्यांची रीत उलटी आहे. कॅप्सूल गिळायची नाही, हे आज्जाच्या नावानं परत सांगतो. ती भोकात बसवायची, यंत्र फिरवून फोडायची, आणि इथं मात्र सावकाश नाही तर जोरात आणि लांब ओढायचं. ओढताना कॅप्सूलचा खडखड आवाज आला पाहिजे. नंतर उघडून बघा, पूड शिल्लक असेल तर परत ओढा.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून गुळणी करून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो नि आवाज बसतो. सोपी युक्ती, पंप ब्रशच्या कपातच ठेवा, पंप ओढला की दात घासा, विसरणं पण होत नाही. पंपात किती उरलंय ते आकड्यावरून कळतं, आकडा नसेल तर सुरू केलेली तारीख डब्यावर लिहा आणि भागाकार करा, पाण्यात तरंगवून बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही. गॅस फुसफुसत राहतो पण औषध संपलेलं असतं.

पंधरा दिवसांत बरं वाटतं. आणि इथंच सगळे पंप सोडतात. शाकारणी आठवा. सलग तीनेक महिने अगदी चांगलं गेलं की डॉक्टर स्वतःच डोस कमी करायचं बघतात, तोवर रोजचा पंप रोज. गरोदर बायकांनी तर स्वतःच्या मनानं पंप बंद करूच नये, आईला श्वास पुरला नाही तर बाळाला कुठनं पुरणार, दिवस राहिलेत हे डॉक्टरला लवकर सांगा म्हणजे झालं.

"बरं आहे" याला काही अर्थ नसतो, मोजायचं. दर महिन्याला स्वतःला चार गोष्टी विचारा, मागच्या चार आठवड्यांत दिवसा दम्याचा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, एकदा तरी रात्री दम्यानं उठवलं का, निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि दम्यापायी एखादं काम, जिना, खेळ सोडावा लागला का. चारही नाही, तर दमा काबूत. एक-दोन हो, तर अर्धवट. तीन-चार हो असतील तर तारीख यायची वाट न बघता डॉक्टरकडं जा. ज्यांना आकड्याची आवड आहे त्यांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं साधन, घ्यावं, उभं राहून दणकून फुंकायचं, तीन वेळा, त्यातला मोठा आकडा कॅलेंडरवर लिहायचा, सकाळी आणि संध्याकाळी. तब्येत उत्तम असतानाचा तुमचा सगळ्यात मोठा आकडा धरा, त्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक, ५० ते ८० मध्ये आला तर सावध, ५० च्या खाली गेला तर दवाखाना. माझा आकडा धाप लागायच्या दोन दिवस आधीच घसरायला लागतो, ते कॅलेंडरवर दिसलं तेव्हा माझा विश्वास बसला.

आता आपल्या हवेचं. इंटरनेटवर पराग आणि पाळीव मांजर वाचून उपयोग नाही, आपल्याकडं वेगळीच यादी आहे आणि ती महिन्यागणिक बदलते. जूनपासून खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला भिंती ओल धरतात, कपाटामागं काळी बुरशी, गोधड्यांना कुबट वास, त्या गोधड्या ऊन पडेल त्या दिवशी वाळत टाका, चादरी-अभ्रे आठवड्याला कडक पाण्यात धुवा, पलंग भिंतीपासून हातभर सरकवा. पावसाळ्यानंतर काँग्रेस गवत फुलतं, रस्त्याकडेला पांढरं पांढरं, दमेकऱ्यानं ते उपटायला जाऊ नये, दुसऱ्याला सांगावं आणि तेही फुलं यायच्या आधी. मग भाताची मळणी, कोंडा आणि तूस नाकात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने पेटले की चिकोडी, अथणी, संकेश्वरकडं उसाच्या फडाला आग, पाचटाची काळी राख अंगणात. त्या दिवसांत पहाटेचं फिरणं बंद ठेवा, धुकं आणि धूर खाली बसलेला असतो, ऊन वर आलं की जा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळायला-कुटायला जाणाऱ्या बायकांना ती खाट, म्हणजे नाका-घशात चढणारी तिखट धूळ, ठाऊक आहे, वडगाव-खासबागला मागावर सुताची कणी, उद्यमबागला फौंड्रीचा धूर, तिथं नुसता पदर किंवा रुमाल पुरत नाही, नाकाला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटून कामावर परत धाप लागत असेल तर ते डॉक्टरला मुद्दाम सांगा. उन्हाळ्यात चटणीचा घाट, डंकावर (मिरची कुटायच्या गिरणीत) रांगेत दमेकऱ्यानं उभं राहू नये, घरातल्या धडधाकट माणसाला पाठवा, तिथं तरी त्याचा उपयोग होऊ दे.

जत्रेचं नाजूक प्रकरण आहे. सौंदत्तीला यल्लम्मा, चिंचलीला मायाक्का, मंगसुळीला खंडोबा, भंडारा उधळला जाणार आणि तुम्ही त्यात असणार. जाऊ नका म्हणणार नाही, मीही जातो. पण रोजचा पंप त्या आठवड्यात एकदाही चुकवायचा नाही, मास्क लावायचा, निळा पंप आणि स्पेसर पिशवीत नाही तर अंगावर ठेवायचा (पिशवी बैलगाडीत राहते, नाहीतर मेहुण्याकडं), आणि उधळण ऐन भरात असताना कडेला राहायचं. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीची मिरवणूक, फटाके, याला पण तोच नियम. घरात कासवछाप कॉइल, धूप, उदबत्ती एकदा बंद करून पंधरा दिवस बघा, मच्छरदाणी लावा. देवाला निरांजन चालतं.

औषधांचंही एक. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी जोरात धाप लागते, तसंच प्रोप्रॅनोलॉलसारखी काही बीपी-धडधडीची औषधं आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. कुठल्याही डॉक्टरला, दाताच्या सुद्धा, "मला दमा आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

खाण्याबद्दल आमच्याकडं केळं बंद, दही बंद, भात बंद, बिचाऱ्या पोरानं खायचं काय? ज्या पदार्थानं तुम्हाला खरंच दर वेळी त्रास होतो तेवढाच सोडा. मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळून येणारे आपल्याकडं बरेच आहेत, जाणाऱ्याला अडवत बसू नका, पंप मात्र त्याच्या खिशात घाला.

शेवटचं काम आजच करायचं, तब्येत चांगली असताना. एक कागद घ्या आणि जोरात उबळ आली तर काय करायचं ते डॉक्टरकडून लिहून घेऊन दारामागं चिकटवा. माझ्या कागदावर असं आहे. सरळ बसायचं, पुढं झुकून, आडवं व्हायचं नाही. निळा पंप स्पेसरनं, एका वेळी एकच पफ, असे ४ ते १० पफ. वीस मिनिटांत उतार नाही तर परत तेवढेच आणि दवाखान्याकडं निघायचं. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ-नखं निळी पडत असतील, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, माणूस गुंगत असेल, किंवा सुंयसुंय अचानक थांबून छाती गप्प झाली असेल तर वीस मिनिटं मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन, वाटेत पंप चालूच. वाफारा देत बसायचा नाही, त्यात वेळ जातो आणि पोरं भाजतात. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनवर आकडा चांगला दिसतोय म्हणूनही थांबायचं नाही.

त्याच कागदाखाली आम्ही कन्नड लिहून ठेवलंय, कारण रात्री अडीच वाजता फोन आईनं लावला तर तिला ते आठवणार नाही: "उसिराटद तोंदरे ऐती, लगूना बर्री." श्वासाचा त्रास आहे, लवकर या. त्याच्याखाली घराचा पत्ता, गल्लीच्या खुणेसकट, आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर. शाळेत पोरीच्या बाईंकडं पण असाच एक कागद आणि एक पंप दिलाय, खेळाच्या तासाआधी दहा-पंधरा मिनिटं पफ घ्यायला डॉक्टरनी सांगितलंय तेही त्यात आहे, आणि ती खो-खो खेळते.

पुढच्या तपासणीला जाताना रिकामे पंपसुद्धा पिशवीत टाका, किती दिवसांत किती संपले ते डॉक्टरला त्यावरून कळतं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणा, "मी ओढून दाखवतो, चुकतंय का बघा."